दोन महिन्यांच्या गोळ्या

"सिस्टर, या खेपेला दोन महिन्यांच्या गोळ्या द्या नं जी. पेरणी तोंडावर आली आहे, मधात येणं काही जमत नाही."

तो हे म्हणाला तेव्हा साडेबारा वाजले होते, बाहेरच्या बाकांवर अजून चाळीसेक माणसे ताटकळत होती आणि पुढच्या रुग्णाचा केसपेपर माझ्या हातात येऊन पडला होता. जूनचा दुसरा आठवडा होता, मृग लागूनही नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता आणि कूलर नुसताच दमट वारा फेकत होता. काटोलकडचा हा पन्नाशीतला शेतकरी तीन वर्षांपासून नैराश्याच्या उपचारासाठी दर महिन्याला नेमाने येत असे. त्या दिवशी त्याने दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता आणि आधीच्या दोन-तीन भेटींत त्याच्या चेहऱ्यावर जी राखेसारखी कळा असायची, ती दिसत नव्हती. मला बरे वाटले. ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा जुन्या रुग्णांचे कागद आमच्याकडे माझ्या टेबलावरूनच डॉक्टरांच्या सहीला जातात. मी 'एक महिना' खोडून 'दोन महिने' लिहिले, सही झाली, औषधांच्या खिडकीतून पुडकी मिळाली. निघताना त्याने हात जोडले आणि म्हणाला, "तुमचे लय उपकार झाले, सिस्टर. जातो मग."

तीन वर्षांत तो कधी 'जातो' म्हणाला नव्हता. आपल्याकडे उंबरठ्यावरून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, आणि चुकून 'जातो' तोंडून निघाले तर घरातली म्हातारी लगेच दटावते. तो शब्द माझ्या कानावर नक्की पडला होता, कारण तो मला आजही त्याच्या आवाजासकट आठवतो. पण मला पुढचा नंबर पुकारायचा होता.

त्या गोळ्यांचे त्याने काय केले हे मी सविस्तर लिहिणार नाही, आणि कोणी लिहूही नये असे माझे मत आहे. त्याची बायको त्या दिवशी शेतातून नेहमीपेक्षा लवकर घरी परतली, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वेळेत पोहोचली आणि अतिदक्षता विभागात काही दिवस काढून तो वाचला, एवढे पुरे. बारा दिवसांनी ती सुटीचे कार्ड घेऊन आमच्याकडे आली तेव्हा मला हे सारे कळले. ती माझ्यावर रागावली नाही. तिने फक्त विचारले, "सिस्टर, आता गोळ्या किती दिवसांच्या देता?"

मी मानसोपचार विभागात परिचारिका म्हणून १९ वर्षे काम करते आहे; त्यातली पहिली ८ वर्षे वॉर्डात गेली आणि नंतरची ११ बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ज्याला आम्ही आणि रुग्ण सगळेच ओपीडी म्हणतो तिथे. (या लेखातली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावे, वये आणि नाती बदलली आहेत, बोलणी मात्र बदललेली नाहीत.) वॉर्डात असताना मला ओपीडीचे काम सोपे वाटायचे, कारण रात्रपाळी नाही, दोन वाजता कुलूप. इकडे आल्यावर कळले की वॉर्डाच्या दाराला कडी असते, खिडकीला जाळी असते, रात्री कोणीतरी टॉर्च घेऊन फिरत असते, आणि यांतले काहीही ओपीडीत नसते. सकाळी नऊला उघडलेले दार दोनपर्यंत उघडेच राहते. त्यातून माणूस आत येतो, दहा मिनिटे आपल्यासमोर बसतो आणि त्याच दाराने घरी जातो, जिथे त्याची विहीर आहे, त्याचे कर्ज आहे, त्याची दारू आहे आणि आपण दिलेल्या गोळ्या आहेत. त्याच्याबरोबर काय घरी जाते आणि कोण घरी जाते, हे त्या दहा मिनिटांत पाहायचे असते. मनोविकाराच्या आणीबाणीविषयी मला पाठ्यपुस्तकांत जे शिकवले गेले, ते बहुतेक कडी असलेल्या दारामागचे होते.

नागपुरात या दारापर्यंत येणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही. छिंदवाडा रस्त्यावरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. महाराष्ट्रातल्या अशा चार रुग्णालयांपैकी ते एक, बाकीची येरवडा, ठाणे आणि रत्नागिरीला. पण ऑटोवाल्याला विचाराल तर तो चौक आजही पागलखाना चौकच असतो, आणि शाळकरी पोरांच्या भांडणात 'तुले पागलखान्यात टाकतील' हे शेवटचे अस्त्र असते. याच शहरात त्या पागलखान्याची दुसरीही आठवण सांगितली जाते. ताजुद्दीन बाबांना १८९२ साली तिथे ठेवण्यात आले होते, माणसे त्यांच्या दर्शनाला तिथेच रांगा लावत, आणि १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणले. आमच्याकडे येणारी निम्मी कुटुंबे आधी उमरेड रोडवरच्या ताजबागेत जाऊन आलेली असतात, काही इथून सरळ तिकडे जातात. सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांना टोकत असे. आता टोकत नाही, कारण जे कुटुंब रुग्णाला घेऊन दर गुरुवारी दर्ग्यात बसते, ते कुटुंब त्याला एकटे सोडत नाही, आणि एकटे न सोडणे ही आमच्याही कागदावरची पहिली सूचना असते.

लोकांच्या कल्पनेत आमच्याकडची आणीबाणी म्हणजे आरडाओरडा. तो असतो, आणि त्याचे तंत्र शिकता येते. मागच्या थंडीत बाविसेक वर्षांचा एक मुलगा रांगेतून एकदम उठून ओरडू लागला, त्याने बाक ढकलला, बायका मुलांना घेऊन भिंतीला चिकटल्या, तीन जणांनी मोबाईल बाहेर काढले आणि गेटवरचा रक्षक काठी घेऊन पुढे झाला. अशा वेळी मी आधी दोन गोष्टी करते: गळ्यातली ओळखपत्राची दोरी आणि खिशातली कात्री काढून मावशींकडे देते, आणि रक्षकाला काठी खाली ठेवून मागे उभे राहायला सांगते. मग समोर नाही, थोडे बाजूला, दोन हातांचे अंतर ठेवून, त्यालाही आणि मलाही दार मोकळे राहील असे उभे राहायचे. बोलायचे ते एकानेच. पाच माणसे पाच बाजूंनी 'शांत हो, शांत हो' ओरडत असतील तर शहाणा माणूसही शांत होणार नाही.

तो म्हणत होता, "सगळे माझ्याकडेच पाहून राहिले. त्या भोंग्यातून माझ्याच मनातलं सांगून राहिले." भोंगा म्हणजे नंबर पुकारण्याचा स्पीकर. त्याच्या मनातले कोणी सांगत नाही, असा वाद मी घातला नाही, आणि हो, सांगतात, असेही म्हटले नाही. "पाहून राहिले हे खरं आहे," मी म्हटले, "तू मोठ्यानं बोलतोस म्हणून पाहून राहिले. भोंगा मी बंद करते." आणि खरोखरच बंद करायला लावला. त्या दिवशी पुढचे पाऊण तास आमचे मामा बाहेर उभे राहून घसा फोडून नंबर पुकारत होते आणि संध्याकाळी मला त्याबद्दल बरेच ऐकून घ्यावे लागले. पण तो मुलगा आतल्या खोलीत आला, पाणी प्यायला, आणि "गोळी घेशील की इंजेक्शन?" या प्रश्नावर त्याने गोळी निवडली. जिथे काहीच त्याच्या हातात राहिलेले नाही, तिथे एवढी निवड त्याच्या हातात राहू द्यावी.

दर वेळी हे साधत नाही. चार जणांनी धरून इंजेक्शन द्यावे लागलेले दिवसही आहेत आणि ते दिवस कोणालाच, धरणाऱ्यांनाही, विसरता येत नाहीत. आमच्याकडे अशा वेळी उद्रेक शमवणाऱ्या हॅलोपेरिडॉलबरोबर प्रोमेथाझिन दिले जाते. दुसऱ्या औषधाने झोप येते हे खरे, पण त्याचे मोठे काम म्हणजे पहिल्याने होऊ शकणारा स्नायूंचा पीळ ते टाळते. दुसरीकडून कुठून तरी नुसते पहिलेच इंजेक्शन घेऊन आलेल्या एका मुलीची मान रात्री वाकडी झाली, बुबुळे वर चढली, जीभ जड झाली. घरच्यांनी अंगात आले असे समजून रात्रभर लिंबू उतरवले आणि सकाळी आमच्याकडे आणले. प्रोमेथाझिन दिल्यावर अर्ध्या तासात मान सरळ झाली, पण 'सुईने पोरीत भूत घातले' ही बातमी तोवर तिच्या गावात पोहोचली होती, आणि त्या गावातून पुढे कितीतरी दिवस कोणी आले नाही. इंजेक्शन दिल्यानंतर दर १५ मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब पाहणे हे परिचारिकेचे काम म्हणून सगळे सांगतात. मान आखडू शकते, घाबरू नका, लगेच परत या, हे घरच्यांना बसवून सांगणे हेही तिचेच काम आहे.

मनाची वाटणारी आणीबाणी कधी कधी शरीराची असते, हे या शहरातला उन्हाळा दरवर्षी शिकवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की मी लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध, घेणाऱ्या सगळ्या रुग्णांची यादी काढून बसते. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि घामावाटे अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवू लागते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण ०.६ ते १.२ या पट्ट्यात हवे असते, १.५च्या वर गेले की विषबाधेची भीती सुरू होते. म्हणजे औषध आणि विष यांत अंतर फार थोडे. एका मे महिन्यात, अनेक वर्षे अगदी ठीक असलेला एक गृहस्थ दुपारी झोकांड्या खात आला; बोलणे जड, हात थरथरत होते. रांगेतल्या कोणीतरी 'टाकून आला' म्हणून नाक मुरडले, आणि त्याचा सख्खा भाऊसुद्धा "काल लग्नात गेला होता, तिथं प्यायला असंल" म्हणाला. तो प्यायला नव्हता. दोन दिवस लग्नाच्या मांडवात उन्हात राबला होता, पाणी प्यायला नव्हता आणि गुडघे दुखतात म्हणून औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन खात होता, ज्या लिथियमचे प्रमाण आणखी चढवतात. त्याला तासाभरात मोठ्या रुग्णालयात हलवले आणि तो बचावला. तेव्हापासून 'वेडा झाला', 'प्यायला', 'नाटक करतो' यांपैकी काहीही कानावर आले की मी आधी रक्तातली साखर तपासायचा डबा उघडते, मग ताप, रक्तदाब पाहते, आणि शेवटची दारू कधी घेतली हे विचारते. रोज पिणाऱ्याने दारू तोडल्यावर दोन-तीन दिवसांनी त्याला नसलेली माणसे दिसू लागली, हात कापू लागले, तर ते प्रकरण उद्याच्या तारखेवर ढकलण्याचे नसते.

हे सगळे मला येत होते. काटोलकडच्या त्या माणसाच्या बाबतीत यांतले काही उपयोगी पडले नाही, कारण त्याने कोणाला त्रास दिला नाही, नंबर आल्यावर उठला, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि हात जोडून गेला.

त्याला मी काय विचारले होते ते मी नंतर केसपेपर काढून पाहिले. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'आत्महत्येचे विचार नाहीत.' म्हणजे मी विचारले होते. पण कसे विचारले होते तेही मला ठाऊक आहे, कारण मी सगळ्यांना तसेच विचारत असे: "तसले काही विचार येत नाहीत ना?" या वाक्यातच त्याचे उत्तर आहे. शेवटचा तो 'ना' समोरच्याला सांगतो की मला 'नाही' ऐकायचे आहे, आणि 'तसले' हा शब्द सांगतो की ती गोष्ट नाव घेण्याच्या लायकीची नाही. ज्याने आयुष्यभर मोठ्या माणसांना, सायबांना, डॉक्टरांना हवे ते उत्तर देण्याची सवय लावून घेतली आहे, तो 'नाही जी' म्हणणार, दुसरे काय म्हणणार? आपली भाषाही इथे आपल्याला पळवाटा फार देते. 'जिवाचे बरेवाईट', 'काही कमीजास्त', 'नको ते' अशा शब्दांनी आपण त्या गोष्टीभोवती फिरतो, आणि नेमका शब्द वापरावा तर 'आत्महत्या' या शब्दातच हत्या आहे, गुन्हा आहे. विचारले म्हणून कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, हे संशोधनाने पुरेसे दाखवून दिलेले आहे. तरीही तोंडातून शब्द काढताना मलाच अनेक वर्षे जड जात होते.

आता मी विचारते, "जीव द्यावासा वाटतो का?" कोणताही 'ना' न लावता, त्याच्याकडे पाहत, पेन खाली ठेवून. हो म्हणाला तर पुढचे: किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, कसे करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी लागणारी वस्तू घरात आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का. पहिल्या काही आठवड्यांत या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांनी मी हादरून गेले. ज्यांना मी वर्षानुवर्षे ओळखत होते अशा माणसांनी अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसे, "वाटते नं जी, रोजच वाटते" असे सांगितले. एक म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंच नाही."

कळमेश्वरकडची एक बाई म्हणाली, "वाटते, पण पोरीचं लग्न होऊ द्या, मग पाहू." शिकवल्याप्रमाणे मी याची नोंद संरक्षक बाब म्हणून करणार होते: मुलीची जबाबदारी आहे, म्हणून धोका कमी. मग वाटले की या कारणाला तर तारीख आहे. "लग्न कधी आहे?" असे विचारले, तर मे महिन्याची तारीख निघाली. ती मी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिली आणि लग्नानंतरच्या आठवड्यात तिला दोनदा बोलावले. ती दोन्ही वेळा आली. दुसऱ्या वेळी लग्नातल्या बुंदीचा डबा घेऊन आली.

खरे बोलण्याच्या आड आणखी एक भिंत होती आणि ती अजून पुरती पडलेली नाही. तीनशे नऊ. विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात हा आकडा माहीत असतो. भारतीय दंड संहितेच्या या कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून अपघात विभागात नातेवाईक सांगत, चुकून प्याला, खोकल्याचे औषध समजून घेतले, शेतात फवारताना नाकातोंडात गेले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ साली मंजूर झाला आणि २९ मे २०१८पासून लागू झाला. त्याच्या ११५व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, तिच्यावर खटला चालवू नये असे म्हटले आणि तिची काळजी घेणे, तिचे पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ला नवी न्यायसंहिता आली तेव्हा ३०९ कलमाला तिच्यात जागाच मिळाली नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६व्या कलमात राहिला. हे सगळे मी घरच्यांना सांगते. ते मान डोलवतात. मग बाप उठून दार लावून घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "पण पोलिसात तर नाही नं जाणार हे?" कायदा दिल्लीत बदलला म्हणून गावच्या पोलीस पाटलाची भीती लगेच जात नाही.

ज्याला भरती करणे आवश्यक आहे त्याला भरती करतो. त्यासाठी कायद्यात वाटा आहेत, तातडीच्या उपचारासाठी ७२ तासांपर्यंतची मुभा आहे. पण ज्याच्या मनात विचार आहे आणि जो आज भरती होणार नाही, होण्याची गरजही नाही, अशी माणसे रोज असतात, आणि त्यांच्यासाठी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही एक आराखडा लिहितो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, आपत्कालीन विभागातून घरी जाणाऱ्यांना असा आराखडा करून दिला आणि नंतर फोन करून विचारपूस चालू ठेवली, तर पुढच्या ६ महिन्यांत आत्मघातकी वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसले. त्यांच्या नमुन्यात एकटेपणी मन रमवण्याचे उपाय, गप्पा माराव्यात अशी माणसे आणि ठिकाणे, असे रकाने आहेत. ते रकाने आमच्याकडे भरले की असे दिसतात: पहाटे तीनला जाग येऊन गोठ्यात जाऊन बसावेसे वाटले, तर ती धोक्याची खूण. तेव्हा आधी बैलाला खरारा करायचा. तरी जमेना तर दिवस उजाडताच फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जायचे, तिथे चार माणसे असतात. मग मेहुण्याला फोन, तो लवकर उठतो. मग आमचा नंबर, आणि आम्ही नसू तेव्हा १४४१६, म्हणजे १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली टेलिमानस सेवा, जिथे चोवीस तास मराठीत बोलणारे कोणीतरी भेटते आणि पैसे पडत नाहीत. फवारणीची औषधे भावाच्या शेतातल्या खोलीत, किल्ली भावाकडे. गोळ्या बायकोकडे, सात दिवसांच्याच.

ही शेवटची दोन वाक्ये लिहून घेताना सगळ्यात जास्त वाद होतात. "ज्याला मरायचं आहे तो काहीही शोधते, सिस्टर," हे मी इतक्यांदा ऐकले आहे की कधी कधी थकून त्यावर विश्वास बसू लागतो. पण जीव द्यावासा वाटण्याची ती लाट बहुधा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी जे असते त्यावरच बरेच ठरते. किल्ली आणायला भावाच्या शेतापर्यंत दीड किलोमीटर चालत जावे लागले, तर त्या दीड किलोमीटरमध्ये भाऊ भेटू शकतो.

काटोलकडच्या त्या माणसाच्या घटनेनंतर मी एक वही सुरू केली. शंभर पानी, शाळेची असते तशी. जो माणूस 'हो, वाटते' म्हणून घरी गेला त्याचे नाव, दुसऱ्या दिवशी फोन, मग आठवड्याने, मग महिन्याने. हे मला कोणी सांगितलेले नव्हते आणि त्यासाठी वेगळा वेळही नाही. दोन वाजल्यानंतर डबा खाताना मी आणि आमच्या समाजसेविका ताई फोन लावतो. जेरोम मोटो नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मानसोपचारतज्ज्ञाने, रुग्णालयातून सुटून पुढचे उपचार नाकारणाऱ्या लोकांना काही वर्षे नुसती चार ओळींची आस्थेची पत्रे पाठवली होती, कसलीही मागणी न करता, आणि पहिल्या दोन वर्षांत त्या लोकांमधले आत्महत्यांचे प्रमाण पत्रे न मिळालेल्यांपेक्षा कमी राहिले. पत्रे लिहिणे आमच्याच्याने होणार नाही, पण फोन होतो. अर्थात फोनचेही आपले एक जग आहे: रिचार्ज संपलेले असते, नंबर शेजाऱ्याचा असतो, सून उचलते आणि सासू काय म्हणते ते ओरडून सांगते. एकदा एका रुग्णाच्या नवऱ्याने मला वीज मंडळाची समजून बिलाबद्दल दहा मिनिटे सुनावले. त्याचे पुरते ऐकून घेतल्यावर मी विचारले, "वहिनी जेवल्या का?" तो थांबला आणि म्हणाला, "तुम्ही कोण बोलून राहिल्या?"

ज्या दिवशी काटोलकडच्या त्या शेतकऱ्याची बायको कार्ड घेऊन आली, त्या दिवशी डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या होत्या की सही माझी होती, तुझी नव्हे. त्यांनी चांगल्या मनाने म्हटले, आणि ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटल्यासारखे वाटण्याचीच नंतर जास्त लाज वाटली. घरी जाताना झाशी राणी चौकात सिग्नल हिरवा होऊनही मी गाडी घेऊन तशीच उभी होते, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला तेव्हा भान आले. आमच्या क्षेत्रात अशा प्रसंगानंतर बसून बोलायचे असते, असे प्रशिक्षणात शिकवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडले आणि बाकांवर साठ माणसे होती. बोलणे झाले ते तिसऱ्या दिवशी, चहा पिताना, मावशींशी. मावशी म्हणाल्या, "तुमी त्याचा शब्द आयकला होता, माय, म्हणून तर तुमाले आठवते. मी तर आयकलाबी नाही." याने माझे समाधान झाले असे नाही, पण त्या रात्री झोप लागली. बरेच दिवस मग मी निघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहायचे, येतो म्हणतो की जातो. तो खुळेपणाच होता. निम्मे लोक काहीच न बोलता निघून जातात.

तो स्वतः जुलैच्या शेवटी आला, बायकोबरोबर. पहिल्या दोन भेटींत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वाचवले म्हणून माणूस आभार मानतोच असे नाही, त्याला राग येऊ शकतो, शरम वाटू शकते, आणि आपण समोर आहोत म्हणून तो राग आपल्यावर येतो. मी त्याला विचारले, "अजून वाटतं का?" त्याने भिंतीकडे पाहत मान हलवली, वाटते अशी. कागदाच्या मागे आराखडा लिहिला तेव्हा बहुतेक उत्तरे बायकोने दिली. टपरीचे नाव तेवढे त्याने सांगितले. बायकोने सात दिवसांच्या गोळ्या घेतल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि दोघे गेली. दर बुधवारी यायची. पेरणी झाली होती, दुबारही झाली होती, आणि येणे काही कोणाला जमत नव्हते अशातला भाग नव्हता. दीड तास एसटी, मग ऑटो, आणि अर्धा दिवस बाकावर. मी बुधवारी त्यांचा नंबर वर घ्यायचा प्रयत्न करत असे, जो नियमात बसत नाही.

पोळ्याच्या नंतरच्या बुधवारी तो एकदम बोलला. मी वहीत 'जेवण, झोप' लिहीत होते. बायकोकडे अंगठा दाखवून तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही हिले गोळ्या लपवून ठेव म्हटलं. हिनं तर कोठीचीच किल्ली कमरेला लावली जी. आता घरची तुरीची दाळ पाहिजे तरी हिलेच मागा लागते." बायको म्हणाली, "दाळ कायले पाहिजे तुमाले, कोणाले देता?" "टपरीवाल्याले," तो म्हणाला. "त्याचा चहा किती दिवस उधार पिऊ?"